पान्हा चोरणारी गाय

रोहणा, ता. आर्वी, जि. वर्धा
तान्हा पोळा

चि. ईश्वरीस अनेक आशीर्वाद.

"गायीची माया म्हणजे शेवटी ऑक्सिटोसिनच ना, आबाजी?" असं तू विचारलंस. वर्गात अंतःस्रावी ग्रंथींचा धडा झाला, आईपणाचा सगळा कारभार एका रेणूत उरकला गेला, आणि तुला ते पटलंही आणि कुठंतरी टोचलंही. दोन्ही झालं हे चांगलंच. माझी हयात जनावरांच्या दवाखान्यात गेली, म्हणजे बरीचशी गायी-म्हशींच्या मागच्या अंगाला उभं राहण्यात गेली. त्या बाजूनं जग जरा वेगळं दिसतं.

शिवाय तुझ्या प्रश्नाचं जितंजागतं रूप सध्या आपल्याच कोठ्यात बांधलेलं आहे. तुझ्या काकानं कारंज्याकडून गवळाऊ गाय आणली. दुसऱ्या वेताची, खाली कालवड. पांढरीशुभ्र, लांबट अरुंद तोंडाची, चालीला चपळ. ही आपल्या भागाचीच जात. वर्धा, नागपूर, छिंदवाडा, शिवनी, बालाघाट हा तिचा मुलूख, आणि आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांतल्या नंदगवळ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचं सरकारी क्षेत्रही आहे. मराठ्यांच्या काळात सामान घेऊन डोंगराळ वाटेनं झपाझप चालणारे बैल हवे होते, त्यासाठी ही जात जोपासली गेली. दूध हा तिचा मोठा गुण कधीच नव्हता. एका वेताला सहाशे किलोच्या आसपास दूध, म्हणजे जर्सीवाल्यांच्या दृष्टीनं काहीच नाही.

पण ही बाई आहे तेवढंही देत नाही. पान्हा चोरते. तुझी आजी कालवड सोडते, कालवड ढुशा देते, तिच्या तोंडाला फेस येतो, आजी तिला ओढून खुंट्याला बांधते आणि धार काढायला बसते. चार पिळे निघतात आणि सड कोरडे. पुन्हा कालवड सोडली की तिच्या घशात घटाघट दूध उतरतं. म्हणजे दूध आहे. काकाचं म्हणणं, एक इंजेक्शन मारू, दोन मिनिटांत मोकळी होईल. आजीचं म्हणणं, त्या सुईला माझ्या कोठ्यात जागा नाही. मी दोघांच्या मधे. तेव्हा हे पत्र तुला लिहितो आहे, पण काकाच्याही हाती पडलं तर माझी हरकत नाही.

आधी कासेचं सांगतो. सडांच्या वर दूध साठायची जी पोकळी असते तिच्यात परदेशी गायींचं जेमतेम पाचवा हिस्सा दूध मावतं. देशी गायींत त्याहूनही कमी. बाकीचं सगळं वर, बारीक बारीक पिशव्यांत अडकलेलं असतं. तिथून ते नुसतं ओढून निघत नाही, कितीही ताकद लावली तरी. प्रत्येक पिशवीभोवती स्नायूपेशींची जाळी असते, ती आवळली तरच दूध खाली उतरतं. आवळायचा निरोप ऑक्सिटोसिन नेतं. वासराचं तोंड किंवा माणसाची बोटं सडाला लागली की संवेदना मणक्यातून मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये जाते, पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन रक्तात सुटतं, आणि मिनिटभरात कास भरून टणक होते. रक्तात ते फार टिकत नाही, काही मिनिटांत विरून जातं. म्हणून जुने गवळी धारेला बसले की गप्पा मारत नाहीत.

हे लोकांना आधी ठाऊक नव्हतं. पीयूषिकेचा अर्क शेळीला टोचला तर दूध वाहतं हे ऑट आणि स्कॉट या दोघांनी १९१० मध्ये दाखवलं. पण रोजच्या धारेत नक्की काय घडतं हे अमेरिकेतल्या ईली आणि पीटरसन यांनी १९४१ मध्ये शोधलं. त्यांनी एका गायीच्या अर्ध्या कासेच्या नसा कापल्या. तरी दोन्ही बाजूंचं दूध सारखंच उतरलं. म्हणजे निरोप नसेतून येत नव्हता, रक्तातून येत होता. मग त्यांनी गायीला घाबरवलं. कसं, तर तिच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि जवळ कागदी पिशव्या फोडल्या. पान्हा बंद. ॲड्रिनलिन टोचलं, तरीही बंद. पुढच्याच वर्षी पीटरसन आणि त्याच्या सोबत्यानं पान्हावलेल्या गायीचं रक्त दुसऱ्या, शरीरापासून वेगळ्या केलेल्या कासेतून फिरवलं, तर त्या कासेतूनही दूध आलं. ऑक्सिटोसिनची नेमकी घडण, नऊ अमिनो आम्लांची साखळी, पुढं विन्सेंट द्यु विन्यो यांनी उलगडली आणि ते प्रयोगशाळेत बनवूनही दाखवलं. त्यांना १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

एवढ्यावर थांबलं तर तुझ्या वर्गातलं म्हणणं बरोबर वाटेल. रेणू सुटला, दूध आलं, संपलं. पण थांबायचं नसतं.

घरात रुळलेली गाय पाहिली आहेस ना तू? आजी गंज उचलते, त्याच्या कडीचा आवाज होतो, आणि काही गायींच्या सडांतून तेवढ्यानंच थेंब ठिबकायला लागतात. अजून कोणी हात लावलेला नसतो. ढेपेचं टोपलं दिसलं तरी होतं. पाव्हलॉव्हचं कुत्रं तू शिकलीच असशील. फरक एवढा की कुत्र्याच्या बाबतीत लाळ सुटत होती, इथं हॉर्मोन सुटतं. म्हणजे गायीनं जे शिकून ठेवलं, आवाज, वास, वेळ, माणूस, ते आता तिच्या मेंदूतून हॉर्मोनला बोलावून घेतं. हॉर्मोन वागण्यावर राज्य करतं असं म्हणतात तेव्हा ही उलटी वाट सांगायची राहून जाते. आठवणसुद्धा हॉर्मोनवर राज्य करते.

आणि अडवतेही. स्वित्झर्लंडमध्ये रूपर्ट ब्रुकमायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये गायींना सवयीच्या गोठ्याऐवजी परक्या जागी नेऊन धार काढली आणि त्या वेळी रक्त तपासलं. ऑक्सिटोसिन वाढलंच नव्हतं. ईली-पीटरसनला वाटलं होतं की ॲड्रिनलिन कासेपाशी आडवं येतं. ते खोटं नाही, पण बऱ्याच वेळा गोष्ट तिथवर पोचतच नाही. मेंदूच निरोप धाडत नाही. आपल्या कोठ्यात नेमकं हेच चाललं आहे असं माझं मत आहे. ही गाय लबाड नाही. तिला जागा परकी आहे, आजीचा हात परका आहे, आणि तिच्या जुन्या घरी धार काढणारा म्हातारा होता, त्याचा आवाज इथं नाही. कालवडीचा वास तेवढा ओळखीचा आहे, म्हणून कालवडीला मिळतं.

माणूस ओळखते का, असं तू विचारशील. ओळखते. कॅनडा आणि डेन्मार्कच्या संशोधकांनी १९९९ मध्ये एक प्रयोग छापला. एक माणूस गायींशी मायेनं वागे, दुसरा त्यांना मारी-हुसकावी. नंतर धार काढताना तो दुसरा माणूस नुसता समोर उभा केला, त्यानं काहीही केलं नाही. तरी कासेत अडकून राहिलेलं दूध ७० टक्क्यांनी वाढलं. आपल्याकडे सालदार बदलला की दूध बदलतं हे बाया केव्हापासून सांगत आल्या. आम्ही दवाखान्यातले लोक ऐकून मान हलवत होतो आणि ढेप वाढवायला सांगत होतो.

आता काकाच्या इंजेक्शनकडे येतो. हा मार्ग नवा नाही, सुई तेवढी नवी आहे. गायीच्या जननमार्गात नळीनं हवा फुंकून पान्हा काढायची रीत फार जुनी. हिरोडोटसनं शकांबद्दल लिहिताना घोडीच्या बाबतीत तिचं वर्णन केलं आहे, म्हणजे अडीच हजार वर्षं तरी झाली. आपल्याकडे तिला फुका म्हणत. क्रूर, किळसवाणी रीत. पण ती चालायची, कारण प्रसूतीच्या वेळी वासरू त्या मार्गावर जो दाब देतं तोही मेंदूतून ऑक्सिटोसिन सोडवतो. शरीराला फसवून बाळंतपणाचा भास द्यायचा, एवढंच. कलकत्त्याकडच्या गायी-म्हशींच्या छळाविषयी वाचून गांधीजींच्या मनावर मोठा परिणाम झाला होता. त्यांनी १९१२ मध्ये टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडलं, आणि पुढं मरणाच्या दारातून परत येताना कस्तुरबांच्या सुचवण्यावरून शेळीचं दूध घेतलं. सेवाग्रामची ती शेळी सगळ्यांना माहीत असते, तिच्यामागची ही फुक्याची गोष्ट कोणी सांगत नाही. जमनालाल बजाजांनी वर्ध्याला गोसेवा संघ काढला तो १९४१ मध्ये. तिकडं अमेरिकेत गायीच्या पाठीवर मांजर बसवलं गेलं तेच साल. पुढच्या फेब्रुवारीत जमनालालजी गेले.

प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे, त्याच्या १२ व्या कलमात फुका गुन्हा आहे आणि दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला घातक असं काही टोचणंही. हजार रुपयांपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद, शिवाय जनावर जप्त. तरी बाजारात कुपी मिळते. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये खासगी कारखान्यांना ऑक्सिटोसिन बनवायला बंदी केली, तर त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं ती रद्द केली. त्यात अर्थ होता, कारण बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं आणि ते गावोगावच्या दवाखान्यात वेळेवर मिळालं नाही तर बाया मरतात. औषधाला दोष नाही. वार पडत नसेल, कास फुगून दुखत असेल, तर मीही ते दिलेलं आहे.

एक बाजारगप्प मात्र इथंच खोडून टाकतो. असलं दूध प्यायलं की पोरी लवकर वयात येतात म्हणतात. नऊ आम्लांची ती साखळी पोटात गेली की तुकडे तुकडे होते, जशी डाळीतली प्रथिनं होतात. नुकसान दूध पिणाऱ्याचं नाही, गायीचं आहे, आणि ते समजायला मेंढ्यांकडे जावं लागेल.

मेंढी व्याली की पहिल्या दोन-एक तासांत ती आपल्या पिलाचा वास पाठ करते. नंतर कळपात शंभर पिलं असली तरी तेवढ्यालाच पाजते, दुसरं आलं तर डोक्यानं ढकलून देते. धनगरांना हे विचारायची गरज नाही, त्यांचं पोट त्यावर चालतं. केंब्रिजजवळ बाब्राहम इथं बॅरी केव्हर्न आणि कीथ केंड्रिक यांनी यामागं काय आहे ते शोधत बरीच वर्षं घालवली. त्यांना दिसलं ते असं. पिलू बाहेर येताना जननमार्गावर जो ताण पडतो त्यामुळं मेंदूच्या आतच ऑक्सिटोसिन सुटतं, आणि वास टिपणाऱ्या भागातल्या पेशींचं वागणं बदलतं. विण्यापूर्वी त्या भागातल्या बहुतेक पेशी चाऱ्याच्या वासाला दाद देत होत्या, पिलाच्या वासाला एकही नाही. व्याल्यावर बऱ्याच पेशी पिलाच्या वासाकडे वळल्या, आणि काही तर फक्त तिच्याच पिलाच्या. ज्या मेंढीचं आपल्या पिलाशी नातं जुळून गेलं होतं तिलासुद्धा, हातानं तो ताण पुन्हा दिला तर ती परकं पिलू पत्करते, हे केव्हर्ननं दुसऱ्या सहकाऱ्यांसोबत १९८३ मध्येच दाखवलं होतं. दार पुन्हा किलकिलं झालं की नवा वास आत येतो.

शेळीचं तर त्याहून झटपट. पीटर क्लॉप्फर या अमेरिकी संशोधकानं १९६४ मध्ये लिहिलं की व्याल्याबरोबर पाच मिनिटं करडू शेळीजवळ राहू दिलं तर नंतर काही तास दूर ठेवलं तरी ती त्याला घेते. ती पाच मिनिटंही मिळाली नाहीत तर बहुतेक शेळ्या आपल्याच करडाला लाथ मारतात. करडू तेच, शेळी तीच, दूधही भरलेलं. चुकली ती वेळ. मी नोकरीत असताना व्यायला मदत केली की करडू पुसायला म्हणून लगेच बाजूला नेणारी शहाणी माणसं पाहिली आहेत. त्यांना मी हाच धडा ओरडून शिकवत असे: पुसू नका, तिला चाटू द्या.

हे ऑक्सिटोसिन आणि काकाच्या कुपीतलं ऑक्सिटोसिन, रेणू एकच. पण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक गाळणी आहे. मानेत टोचलेलं औषध कासेपर्यंत जातं, मेंदूत जवळपास शिरत नाही. केंड्रिक आणि केव्हर्ननी १९८७ मध्ये इस्ट्रोजेन दिलेल्या, न व्यालेल्या मेंढ्यांच्या मेंदूतच ऑक्सिटोसिन सोडलं, तेव्हा कुठं त्या परक्या पिलाला चाटायला, हंबरायला लागल्या. सुईनं दूध उतरेल, पण आजीचा हात, आजीचा आवाज, नवा खुंटा यांच्याशी गायीचं काहीच जुळणार नाही. उद्या पुन्हा सुई. परवा पुन्हा सुई. आणि ब्रुकमायरनंच २००३ मध्ये दाखवलं की रोज ऑक्सिटोसिन टोचलेल्या गायींचा, ते बंद केल्यावर, आपला आपण येणारा पान्हा उणावतो. जे शिकायचं ते शिकत नाही, आणि जे येत होतं तेही जातं. काका, हे तुझ्यासाठी.

आता जरा कोठ्याबाहेर चल. आपल्या अंगणातल्या निंबावर होल्यांची जोडी असते. होला आणि पारवा यांच्या गळ्यातल्या अन्नपिशवीत पिलांसाठी दुधासारखा एक पदार्थ तयार होतो, प्रोलॅक्टिन नावाच्या हॉर्मोननं. डॅनियल लेरमननं १९५५ मध्ये होल्याच्याच एका पाळीव जातीवर प्रयोग केला. प्रोलॅक्टिन टोचून पक्ष्यांसमोर पिलू ठेवलं. ज्यांनी आधी पिलं वाढवली होती त्यांनी ते भरवलं. ज्यांनी कधीच नव्हती वाढवली, ते पिशवी भरलेली असूनही नुसते बघत राहिले. हॉर्मोन दोघांत तेच. एवढा एक प्रयोग तुझ्या वर्गात सांग.

पोळा काल झाला. बैलांचं विचारलं नाहीस, तरी सांगतो, कारण खच्चीकरणाचा चिमटा मी इतके दिवस चालवला की हाताला घट्टे पडले. वृषण गेले की टेस्टोस्टेरॉन गेलं. गटिंगेनच्या बेर्टहोल्टनं १८४९ मध्ये कोंबड्यांवर हे पहिल्यांदा नीट तपासलं. वृषण काढले की कोंबडा आरवेना, भांडेना, तुरा सुकला. पुन्हा पोटात बसवले की सगळं परत. यावरून कोणालाही वाटेल की वृषण काढले की माज उतरलाच. शेतकऱ्याला विचार. लहानपणी खच्ची केलेला गोऱ्हा आणि चार वर्षं गावभर माज करून मग खच्ची केलेला वळू, हे दोघं सारखे वागत नाहीत. दुसऱ्याच्या अंगात जुनी खोड बराच काळ राहते. रोझेनब्लाट आणि ॲरनसन यांनी १९५८ मध्ये बोक्यांवर हेच मोजलं: आधी माद्यांचा अनुभव असलेले बोके खच्ची केल्यावरही कितीतरी काळ तसेच वागत राहिले, अननुभवी मात्र लगेच थंड झाले. रक्तातून हॉर्मोन गेलं, अंगात बसलेलं शिक्षण राहिलं. म्हणूनच आम्ही सांगायचो की गोऱ्हा शेजाऱ्याच्या बैलाला शिंगं लावायला शिकायच्या आत आणा.

भीतीचं आणखी वेगळं. आष्टी-कारंज्याच्या रानात वाघानं झडप घातली आणि गाय वाचली, तर ती त्या नाल्याकडं पुन्हा पाय टाकत नाही. एकदाच घडलेली गोष्ट. धारेची वेळ शिकायला तिला आठवडे लागतात आणि हे एका क्षणात कसं? कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनचे जेम्स मॅगॉ आणि त्यांचे विद्यार्थी याच प्रश्नाला लागले होते. उंदराला काही शिकवल्यानंतर, म्हणजे धडा संपल्यावर, ॲड्रिनलिन टोचलं तर आठवण पक्की होते, हे १९७५ मध्ये दिसलं. लगेच टोचलं तरच. तासन्‌तास उशिरा टोचून काही होत नाही. आणि मात्रा जास्त झाली तर उलट विसरतो. गंमत अशी की ॲड्रिनलिनही त्या गाळणीतून मेंदूत जात नाही. ते पोटाकडून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नसेला चाळवतं, तिथून मेंदूच्या आत नॉरॲड्रिनलिन सुटतं, आणि ॲमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग त्या प्रसंगावर ठळक शिक्का मारतो. माणसातही तेच. १९९४ मध्ये लॅरी काहिल आणि मॅगॉ यांनी काही जणांना ॲड्रिनलिन अडवणारी गोळी देऊन एक करुण गोष्ट ऐकवली. साधा भाग त्यांना आठवला, करुण भाग मात्र बाकीच्यांइतका नाही.

याचा आपल्याशी संबंध असा, की नव्या गायीला पहिल्या आठवड्यात कोणी काठी मारली, तर तो मार ती सहजी विसरत नाही. धार शिकायला वेळ लागतो, मार शिकायला लागत नाही. तू म्हणशील निसर्गानं हे उलटं करायला हवं होतं. मलाही तसं वाटतं. पण वाघाच्या बाबतीत दुसरी संधी नसते, एवढं त्याच्या बाजूनं म्हणावं लागेल.

तर ईश्वरी, मायेचं तू विचारलंस त्यावर माझं असं आहे. रसायन म्हटल्यानं माया लहान होते, असं मला कधी वाटलं नाही. गाय कालवडीला चाटते तेव्हा तिच्या डोक्यात ऑक्सिटोसिन असतं, हे खरं. पण शंभरांतून तिनं त्याच कालवडीला ओळखलं, ते त्या रेणूत लिहिलेलं नव्हतं, ते तिनं त्या तासात स्वतः शिकलं. रेणू सगळ्या गायींत सारखाच आहे, कालवडी वेगवेगळ्या आहेत. मंगोलियातले उंटपाळ, पिलाला नाकारणाऱ्या सांडणीपुढं गाणं म्हणतात, वाद्य वाजवतात, आणि ती हळूहळू पिलाला जवळ घेते. युनेस्कोनं २०१५ मध्ये ती रीत जपण्याच्या यादीत घेतली. त्या गाण्यानं तिच्या मेंदूत काय सुटतं ते कोणी मोजेल तेव्हा मोजेल. गाणारा माणूस तेवढा वेळ थांबायला तयार आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे गाणं नाही, पण आजीनं आपली रीत लावली आहे. धार रोज एकाच वेळी, एकाच खुंट्याला. आधी ढेप, मग कालवड, मग तिला समोर बांधायचं, लांब न्यायचं नाही, गायीला चाटता आलं पाहिजे. आजी "हे माय, हे माय" असं काहीतरी पुटपुटत कास कोमट पाण्यानं पुसते. धार काढायला तिच्याशिवाय कोणी बसत नाही. आणि मी एक नियम घातला: टोचणी, गोळी, कानाला बिल्ला, जे काही तिला दुखणारं असेल ते या खुंट्यापाशी करायचं नाही, मागच्या शेडमध्ये न्यायचं. काकानं त्यावर डोळे वर केले, पण ऐकलं. अजून निम्मं दूध ती कालवडीसाठीच राखते. तरी कालपासून कास पुसता पुसता जरा भरल्यासारखी वाटते, असं आजी म्हणते. मी हात लावून बघणार होतो, तर तिनं मला बाहेर काढलं, म्हणे तुमच्या अंगाला दवाखान्याचा वास येतो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी!

दिवाळीत येशील तेव्हा गायगोधन बघायला मिळेल, पाडव्याला गोवारी ढाल घेऊन नाचतात, ते तू लहानपणी पाहिलं होतंस. पण आल्या आल्या कोठ्यात धावू नकोस. पहिले दोन-तीन दिवस दारातून बघ, अत्तर-बित्तर लावू नकोस, मोबाईलचा उजेड तिच्या तोंडावर मारू नकोस. मग आजीच्या मागं उभी राहा, ढेपेचं टोपलं तू धर. धारेला बसायचं असेल तर नखं काढून ये. आणि येताना तुमच्या पुण्याच्या ग्रंथालयात लेरमनच्या होल्यांवरचा मूळ लेख मिळाला तर झेरॉक्स आण, मला तो पुन्हा वाचायचा आहे.

तुझ्या बाबाला आणि आईला आशीर्वाद.

तुझे,
आबाजी